आठवा उमेदवार

अंबादास धोट्यांना निवडणूक अधिकारी नेमलं, त्याचं कारण एवढंच की पालकसभेत "कोण तयार आहे?" असं विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं आणि ते एकटे वर बघत राहिले. वर ते जबाबदारीकडे बघत नव्हते. हॉलच्या भिंतीवर छताजवळची एक टाइल आतून पोकळ असावी असा त्यांना संशय आला होता. पण प्राचार्या शहरबानू मॅडमनी तेवढ्यात "थँक्यू, मिस्टर धोटे!" म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर नाही म्हणणारा माणूस अजून अकोल्यात जन्माला यायचा आहे.

अंबादास मूळचे अकोल्याचे, पण गेली अकरा वर्षं आखातात, रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. भट्टीतून निघालेली टाइल बोटाने ठोकायची, कान लावायचा, आणि फर्स्ट, सेकंड की रिजेक्ट ते सांगायचं, हे त्यांचं काम. अकरा वर्षांत सवय अशी लागली होती की दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारून बघायची. कलिंगड झालं, दरवाजा झाला, एकदा तर घरमालक अरबाच्या नव्या गाडीचा पत्रासुद्धा झाला. कुमुदवहिनींना त्या दिवशी खजूर घेऊन माफी मागायला जावं लागलं होतं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. शाळा भारतीय लोकांनी मिळून चालवलेली. त्या वर्षी दहावीची पहिली तुकडी परीक्षेला बसायची होती. एकतीस मुलं, आणि त्यांत धोट्यांची अपूर्वा. परीक्षेचं केंद्र शाळेतच मिळावं म्हणून परीक्षा बोर्डाकडे अर्ज केला होता. तिकडून उत्तर आलं ते असं, की केंद्र देऊ, पण शाळेचं मंडळ पालकांनी मत देऊन निवडलेलं हवं. आपसात ठरवून बसवलेलं चालणार नाही. निवडणूक झाली नाही तर मुलांनी शारजाला जाऊन पेपर लिहायचे. म्हणजे पहाटे चारला बस. आणि अपूर्वाला बसमध्ये पाऊण तासाच्या वर बसवलं की जे व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. गेल्या वर्षी सहलीला अबुधाबीला जाताना ती जे पोटात घेऊन निघाली होती त्यातलं काहीच अबुधाबीला पोचलं नव्हतं.

मंडळावर जागा सात. नियम नऊ असं म्हणायचा की उमेदवार निदान आठ असतील तरच मतदान घ्यावं, आणि कुणी नाव मागे घेतलं तर मतदानाच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी एकपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याने रिकामी जागा भरावी. अंबादासांनी नियम दोनदा वाचला, पेन्सिलने टिचकी मारली, ठीक वाटला. अर्ज बरोबर आठ आले. त्यांनी ते आले त्या क्रमाने, एक ते आठ आकडे घालून, स्वच्छ टाइप करवून नोटीस बोर्डावर लावले. घरी येऊन कुमुदवहिनींना म्हणाले, "झालं काम. उगाच लोक निवडणुकांचा बाऊ करतात."

तिसऱ्या दिवशी आठव्या नंबरच्या तय्यबभाईंचा फोन आला.

तय्यबभाईंचं नखील भागात हार्डवेअरचं दुकान. "धोटेसाब, अम्मी की तबियत नासाज है. हैदराबाद जाना पड़ेगा. मेरा नाम काट दीजिए."

आईच्या तब्येतीपुढे नियम नऊ काय करणार? अंबादासांनी हळहळ व्यक्त केली आणि नवा उमेदवार शोधायला निघाले. मिळाले सुरेश कुरूप, सिमेंट कंपनीत अकाउंटंट, अत्यंत सज्जन. पण उमेदवार व्हायचं म्हणजे नुसतं हो म्हणून भागत नाही. सूचक, अनुमोदक, पासपोर्टची कॉपी, व्हिसाचं पान, आणि वर कंपनीचं अरबीतलं ना-हरकत पत्र. ते पत्र टाइप करायला अंबादास स्वतः सुरेशला घेऊन अजीजच्या टायपिंग सेंटरवर गेले. अजीजने पाच मिनिटांत पत्र खडखडावलं, वीस दिरहम घेतले, ("म्हणजे दोनशे तीस रुपये," अंबादास सवयीने मोठ्याने म्हणाले), कंपनीने शिक्का मारला आणि पत्र शाळेत जमा झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या क्लार्कचा फोन. "सर, मिस्टर सुरेश को केजी वन में सीट नहीं है. वेटिंग में डाला है."

पत्रात अजीजने असं लिहिलं होतं की सदर सुरेश कुरूप, वय त्रेचाळीस, यांना शाळेत प्रवेश देण्यास कंपनीची हरकत नाही. अजीजचं म्हणणं, शाळेचं पत्र म्हणजे प्रवेशाचंच असतं. नऊ वर्षांत दुसरं कुणी मागितलं नव्हतं. पुन्हा टाइप, पुन्हा वीस दिरहम, पुन्हा शिक्का. सुरेशचं नाव बोर्डावर आठवा नंबर म्हणून लागलं, आणि चार दिवसांनी सुरेश दारात. "सर, ट्रान्स्फर आ गया. अबुधाबी." चेहरा इतका पडलेला की कुमुदवहिनींनी त्याला बसवून चहा आणि दिवाळीतल्या उरलेल्या शंकरपाळ्या दिल्या.

तिसरा आठवा उमेदवार म्हणजे डॉक्टर अनुपमा, दाताच्या. सोलापूरच्या, बोलायला खणखणीत. "मी उभी राहते, त्यात काय!" असं म्हणाल्या त्या सोमवारी, आणि शनिवारी क्लिनिकमधून फोन केला की पेशंटची इतकी गर्दी आहे, की श्वास घ्यायला वेळ नाही.

इथपर्यंत अंबादास वैतागले होते, पण चकित झाले नव्हते. चकित ते गुरुवारी झाले. कारखाना अर्ध्या दिवसाने सुटला होता, नळाचा वॉशर हवा होता म्हणून ते तय्यबभाईंच्या दुकानासमोरून जात होते, तर आत तय्यबभाई. हैदराबादला नाही, काउंटरमागे. खिळे मोजत.

"अम्मी कशा आहेत?" अंबादासांनी विचारलं.

"अलहम्दुलिल्लाह, एकदम फर्स्ट क्लास," तय्यबभाई म्हणाले, आणि मग काहीतरी आठवून एकदम खोकले. वॉशरचे पैसे मात्र काही केल्या घेईनात.

घरी येऊन अंबादासांनी सुरेशच्या कंपनीत फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, सुरेशसर कँटीनमध्ये आहेत. ट्रान्स्फर? कुणाची ट्रान्स्फर?

कारखान्यात अंबादास नव्या पोरांना नेहमी एक गोष्ट सांगायचे. एका टाइलला तडा गेला तर टाइल वाईट. तीन टाइल्सना एकाच जागी तडा गेला तर टाइल्सना शिव्या देऊ नका, भट्टीत वाकून बघा. आता तीन आठवे उमेदवार एकाच जागी तडकले होते, आणि भट्टी काही दिसत नव्हती. दुसरा कुणी असता तर चिडला असता. अंबादासांना मात्र रात्री जेवताना पोळी हातात धरून बसलेले पाहून कुमुदवहिनींनी ओळखलं, की यांना आता कुतूहलाचा ताप चढला आहे आणि तो औषधाने उतरत नाही.

शेजारीपाजारी सल्ल्याला कमी नव्हतेच. लोकल फोन फुकट, त्यामुळे अख्ख्या रास अल खैमाचं मत धोट्यांच्या फोनवर येऊन आदळत होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये कॅस्मिर आणि ॲना तुस्कानो, वसईची माणसं. कॅस्मिर एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, त्यांची लॅरिसा सातवीत. कॅस्मिरचं म्हणणं, उमेदवारांना कुणीतरी दम देत असणार. ॲनाचं म्हणणं, आठ हा आकडाच वाईट. तिच्या माहेरी आठवं लग्न मोडलं होतं. कुणाचं आठवं, हे अंबादासांनी विचारलं, पण तेवढ्यात तिचा कुकर झाला.

शेवटी शनिवारी संध्याकाळी अंबादास दाढ दुखते म्हणून डॉक्टर अनुपमांच्या क्लिनिकमध्ये गेले. दाढ ठणठणीत होती. श्वास घ्यायला वेळ नसलेल्या त्या क्लिनिकमध्ये एक मासा होता, तोही काचेच्या टाकीत.

"आ करा," डॉक्टर म्हणाल्या, आणि आरसा, चिमटा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी एवढं सगळं त्यांच्या तोंडात घातलं. मग खुर्ची मागे टाकून शांतपणे म्हणाल्या, "दाढेला काही झालेलं नाही. तुम्ही का आलात ते मला कळतंय."

"आँ," अंबादास म्हणाले.

"सांगते. तुम्ही बोर्डावर आठ नावं लावलीत. जागा सात. प्रत्येकाने सात खुणा करायच्या. म्हणजे निवडून येणार सात आणि हरणार किती?"

"ऍ."

"एक. एकच! अहो धोटे, वीस जण उभे राहिले असते तर तेरा हरले असते. तेरांत बसून माणूस चहा पिऊ शकतो. पण अख्ख्या गावात एकटीनेच हरायचं म्हणजे काय? लोकांनी सात जणांना निवडलं असं कुणी म्हणणार नाही, एकीला काढून टाकलं असं म्हणतील. उद्या माझ्यासमोर तोंड कोण उघडेल? आणि त्यात तुम्ही मला आठवा नंबर दिलात. माझ्या रिसेप्शनिस्टने मला विचारलं, 'मॅम, आर यू द एट्थ?' जशी काही साथ आलीय!"

अंबादासांना बोलायचं खूप होतं. नळी खरखरत राहिली.

"तय्यबभाईंना कामाची भीती नाही. सुरेशला तर हिशोबाची अजिबातच नाही. पण सुरेशची बायको म्हणाली, केजी वनमध्ये वेटिंगवर राहिलात तेवढं पुरे. चला, थुंका."

अंबादास थुंकले आणि उठून बसले. चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. बरोबर जागी टिचकी बसल्यावर टाइल जसा आवाज करते तसा काहीतरी आवाज त्यांच्या डोक्यात झाला होता. माणसं कामाला घाबरत नव्हती, हरायलाही घाबरत नव्हती. एकटं हरायला घाबरत होती. आणि आठ हा आकडा बोर्डावर लावणारे ते स्वतः होते. भट्टी सापडली होती, आणि भट्टीवर त्यांचीच सही होती.

ते थेट शाळेत गेले आणि यादीवरचे आकडे काढले. सात नावं इंग्रजी अक्षरक्रमाने लावली, आठवी जागा मोकळी ठेवली. आता पहिला नाही की शेवटचा नाही. कोणीही येऊन निर्धास्त बसावं. रविवारी सकाळी झेड अक्षराच्या एका गृहस्थांचा फोन आला. इतके दिवस ते दुसऱ्या नंबरवर होते, आता सगळ्यांत खाली कसे? जन्मभर शाळेत, विमानतळावर, लग्नाच्या पंगतीत आपण शेवटी असतो, निदान इथे तरी दया करा, नाहीतर आपणही नाव मागे घेतो.

म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पडायला आलं.

"धोटेभाऊ, तुम्ही उगाच सरळ रेषेत विचार करता," कॅस्मिर म्हणाला. "आमच्या हॉटेलात चार मंत्री एकदम आले की आम्ही काय करतो? गोल टेबल! कोण वर, कोण खाली, प्रश्नच नाही. खलास."

हे अंबादासांना एवढं पटलं की त्यांनी त्याच संध्याकाळी कुमुदवहिनींची पोळपाटाएवढी स्टीलची थाळी शाळेत नेली, कागदावर उपडी ठेवून गोल काढला आणि कडेने नावं लिहिली. काम सुबक झालं. क्लार्क म्हणाला, "सर, पिझ्झा का मेनू लग रहा है." अंबादासांनी दुर्लक्ष केलं.

सोमवारी दुपारी कारखान्यात फोन. रणजित मोहित्यांचा. मोहिते मोठे कॉन्ट्रॅक्टर, पांढरी शुभ्र भलीमोठी गाडी, हातात दोन अंगठ्या, निवडून येणार म्हणून अर्ज भरायच्या आधीच अभिनंदन घेतलेले.

"धोटे, हे काय चालवलंय?"

"काय झालं?"

"मी सहावर आहे."

"सहावर?"

"घड्याळात! बरोबर सहाच्या ठिकाणी. तळाला. बारावर भलतंच कुणी, आणि मी खाली लोंबकळतोय. बघणाऱ्याला काय वाटेल? ऑफिसमधला ड्रायव्हर मला म्हणाला, साब आप नीचे हो."

"गोलाला खाली नसतं हो, मोहितेसाहेब."

"मग मला वर घ्या."

अंबादासांनी थाळी फिरवली. मोहिते बारावर गेले, आणि सहावर आलेल्या बाईंनी संध्याकाळी फोन केला. यादी काढून टाकावी तर मतदारांना कळायचं कसं? मंगळवारी सकाळी शहरबानू मॅडमनी चष्म्यावरून बघत शांतपणे विचारलं, "मिस्टर धोटे, कल एक बजे तक आठ नाम होंगे ना? मुझे लेटर भेजना है." आणि खिडकीतून दहावीचा वर्ग दिसत होता. अपूर्वा दुसऱ्या बाकावर बसून, जीभ दातांत धरून, कसलं तरी गणित सोडवत होती.

त्या दिवशी अंबादासांनी एकवीस माणसांना विचारलं. एकवीसही जण म्हणाले की हरण्यात काहीच कमीपणा नसतो, उलट लोकशाहीत हरणारा जिंकणाऱ्याइतकाच मोठा असतो, आणि असा मोठा माणूस धोट्यांना लवकर मिळो, इन्शाल्ला. कॅस्मिर तर घरचा माणूस. पण तोही म्हणाला, "भाऊ, मी रोज पाचशे लोकांना जेवायला बोलावतो. मलाच कुणी टेबलवरनं उठवलं तर कसं दिसेल?"

रात्री जेवताना कुमुदवहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही जिंकू शकणारा माणूस शोधताय. हरला तरी ज्याला काही वाटणार नाही असा शोधा ना."

"असा कोण असतो?"

कुमुदवहिनींनी भाजी वाढली. अपूर्वा म्हणाली, "Papa, why don't you stand?"

"मी निवडणूक अधिकारी आहे."

"So resign, no? Simple."

पोरांना सगळं सिंपल असतं. पण अंबादासांनी नियम पुन्हा काढून बघितले, तर नियम बारा अगदी तसंच म्हणत होता. अधिकाऱ्याने राजीनामा दिल्यास प्राचार्यांनी त्याच्या जागी दुसरा पालक नेमावा. अंबादासांनी त्या ओळीवर पेन्सिलने टिचकी मारली. आवाज भरीव आला. "त्यात काय एवढं," ते म्हणाले, "मी उभा राहतो. हरायलाच उभा राहतो. मला काय फरक पडतो?" आणि हे म्हणताना आपण खरंच किती मोठ्या मनाचे आहोत याचं त्यांना बरंच कौतुक वाटलं.

बुधवारी सकाळी आठला राजीनामा, साडेआठला कॅस्मिर निवडणूक अधिकारी. मतं मागण्यापेक्षा मतं मोजणं त्याला सोपं वाटत होतं. नऊला अजीज. कंपनीचं ना-हरकत पत्र हवं होतं. "इस बार स्कूल में एडमिशन नहीं चाहिए," अंबादासांनी बजावलं. अजीजने छातीवर हात ठेवला. "समझ गया, साब. एडमिशन नहीं." अंबादासांनी पत्र एचआरच्या ट्रेमध्ये टाकलं आणि शिक्क्याची वाट बघत भट्टीवर गेले.

साडेअकराला जनरल मॅनेजरचं बोलावणं. लेबनॉनचा गृहस्थ, मनाने हळवा. आत गेल्यावर तो टेबलामागून उठला आणि त्याने अंबादासांना मिठीच मारली. "हबीबी! अकरा वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

पत्रात लिहिलं होतं की श्री. धोटे यांनी कंपनी कायमची सोडून जाण्यास कंपनीची काहीएक हरकत नाही. एडमिशन नको म्हटल्यावर अजीजकडे ना-हरकतीचा दुसरा तेवढाच नमुना होता. कंपनीची हरकत नाही हे वाचून, खरं सांगायचं तर, अंबादासांना थोडं लागलंच, कारण एचआरने त्यावर शिक्काही मारून ठेवला होता. पण रुसायला वेळ नव्हता. त्यांनी हातवारे करून, इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी मराठीत सगळं समजावलं. मॅनेजर इतका हसला की त्याने स्वतःच्या हाताने कंपनीच्या कागदावर चार ओळी लिहून सही केली. "यल्ला, पळ!" एक वाजायला सहा मिनिटं असताना आठवा अर्ज कॅस्मिरच्या हातात पडला. कॅस्मिरने घड्याळ बघितलं, अर्ज बघितला आणि अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं, "फोटो?"

फोटो अपूर्वाच्या दप्तरात निघाला. जुना होता, मिशा जास्त होत्या. चालला.

मतदान दीड आठवड्याने शुक्रवारी. आणि या दीड आठवड्यात अंबादासांच्या आत जे व्हायला लागलं त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. अख्ख्या गावाला कळलं होतं की धोटे हरायला उभे आहेत, आणि अख्खं गाव निश्चिंत झालं होतं. मोहित्यांनी पुन्हा सहावर जायची स्वखुशीने तयारी दाखवली. सुपरमार्केटमध्ये लोक थांबून हात मिळवायचे. "धोटेसाब, बेफिकर रहो. हमारे घर का एक भी वोट आपको नहीं मिलेगा." एका बाईंनी तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "भाऊ, आमच्या बिल्डिंगमधले चौदाही जण तुम्हालाच वगळणार आहेत, चिंता करू नका."

पहिल्या दिवशी अंबादास हसले. तिसऱ्या दिवशी नुसतं थँक्यू म्हणाले. सहाव्या दिवशी त्यांना वाटायला लागलं, की चौदातल्या निदान दोघांनी थोडा विचार करायला काय हरकत होती? आपण काही अगदीच रिजेक्ट माल नाही. अकरा वर्षांत एक तक्रार नाही. शाळेच्या टॉयलेटमधल्या टाइल्स कुणी बसवून घेतल्या होत्या?

"Papa, are you campaigning?" अपूर्वाने सुपरमार्केटमध्ये विचारलं.

"छे."

"Then why are you smiling at everyone? Even that uncle you don't like."

"हवा चांगली आहे म्हणून," अंबादास म्हणाले. आणि घरी आल्यावर शुक्रवारसाठी निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

मतदानाला दोनशे चौदा पालक आले. नियम असा होता की खुणा बरोबर सातच हव्यात, कमी नाही, जास्त नाही. अंबादास पडद्यामागे गेले तेव्हा त्यांचा ठाम विचार होता की स्वतःला वगळायचं. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी सहा नावांवर भराभर खुणा केल्या. मग सातव्या खुणेसाठी दोन नावं उरली, रणजित मोहिते आणि अंबादास धोटे. ते बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत राहिले. बाहेरून कॅस्मिर म्हणाला, "धोटेभाऊ, जेवायला थांबलात काय?" अंबादासांनी एका हाताने कागद झाकला, परीक्षेत झाकतात तसा, आणि धोट्यांवर खूण केली.

निकाल कॅस्मिरने स्टेजवर उभं राहून वाचला, पाहुण्यांना जेवायला बोलावतात त्याच सुरात. सहा नावं मोठ्या मतांनी निवडून आली. मग तो थांबला, पाणी प्यायला, पुन्हा कागद बघितला. "सातवे, रणजित मोहिते, एकशे बत्तीस. आठवे, अंबादास धोटे, एकशे एकतीस."

एका मताने! हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की त्यात अभिनंदन कुणाचं आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. पुन्हा मोजणी झाली, दोनदा. तेच आकडे. मोहिते घामाने चिंब झाले होते. त्यांनी येऊन अंबादासांचे दोन्ही हात धरले. अंगठ्या अंबादासांच्या बोटांत रुतल्या. शहरबानू मॅडमनी तिथल्या तिथे पत्रावर सही केली आणि अंबादासांकडे बघून म्हणाल्या, "अब सेंटर यहीं होगा." केंद्राची मंजुरी जानेवारीत आली.

अंबादासांना हरल्याचं वाईट वाटलं का? वाटलं, पण ते आठवडाभर. पुढे जे राहिलं ते निव्वळ कुतूहल. त्यांना वगळणारे त्र्याऐंशी जण. त्यांतल्या एकाने, फक्त एकाने, त्यांच्याऐवजी मोहित्यांना वगळलं असतं तर निकाल उलटा झाला असता. तो एक कोण? मतदान गुप्त असतं हे मान्य, पण टाइलच्या आत काय आहे तेही गुप्तच असतं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी ते चेहरे न्याहाळत फिरले. तय्यबभाई एकदम कमी किमतीत ड्रिल देऊ लागले तेव्हा त्यांच्यावर संशय गेला. डॉक्टर अनुपमांनी आपण होऊन सांगितलं की मी तुम्हालाच दिलं, तेव्हा तर संशय बळावलाच. कॅस्मिरने चष्मा पुसत सांगितलं की अधिकाऱ्याला काही आठवत नसतं.

मार्चमध्ये पहिल्या पेपरला अपूर्वा पावणेसातला उठली, पोटभर पोहे खाल्ले, आणि चालत शाळेत गेली. पोहे पोटातच राहिले. अंबादासांनी रजा घेतली होती. ते आणि कुमुदवहिनी फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली थर्मास घेऊन बसले. आत एकतीस मुलं लिहीत होती. बाहेर अंबादास बोटं मोजत होते.

"मी आता अकरा जणांवर आलोय," ते म्हणाले. "त्र्याऐंशीतले बहात्तर कटले. तो एक माणूस या अकरांतच आहे."

कुमुदवहिनींनी थर्मासचं झाकण उघडलं. "अहो, तो माणूस मी."

अंबादासांचं बोट हवेतच राहिलं.

"तू मला वगळलंस?"

"हो."

"आणि मोहित्यांना दिलंस?"

"दिलं. मोहितेबाई आदल्या दिवशी आल्या होत्या आपल्याकडे. तुम्ही कारखान्यात होता. म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांकडे बघून हसायला लागल्यापासून चार रात्री ते झोपलेले नाहीत, जेवतसुद्धा नाहीत, हरलो तर कंपनी विकून साताऱ्याला जाईन म्हणतात. मी विचार केला, एकाला तर हरायचंच आहे. त्यांना हरता यायचं नाही. तुम्हाला येतं."

अंबादासांनी फाटकाकडे बघितलं. आतून कुणीतरी बाक सरकवल्याचा आवाज आला. आपण कुणाच्या नावावर खूण केली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कुमुदवहिनींनी विचारलंही नाही.

"मला हरता येतं," ते म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?"

कुमुदवहिनींनी चहा ओतून कप त्यांच्या हातात दिला.

"अठरा वर्षं माझ्याशी भांडताय," त्या म्हणाल्या. "एवढं तरी शिकला असाल."